कपाळावर स्वस्तिक गोंदलेला ट्रेव्हर

आपल्याकडे उंबऱ्यावर काढतात ते स्वस्तिक नव्हे. सोळा वर्षांच्या ट्रेव्हरने दोन भुवयांच्या मधोमध गोंदवून घेतले आहे ते हिटलरचे चिन्ह. ‘मेड इन ब्रिटन’ हे दूरचित्रवाणी-नाटक १९८३ साली ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर दाखवले गेले. लेखक डेव्हिड लेलंड, दिग्दर्शक अ‍ॅलन क्लार्क. ट्रेव्हर झालेल्या टिम रॉथची ही पडद्यावरची पहिलीच भूमिका! इतक्या वर्षांनंतरही ते पोर पाहणाऱ्याच्या डोक्यातून जात नाही.

एका आशियाई माणसाच्या खिडकीवर दगड फेकला म्हणून ट्रेव्हर न्यायालयात उभा राहतो. तेथून त्याची रवानगी मुलांच्या केंद्रात होते. तेथील एक प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. केंद्राचा प्रमुख हाती खडू घेतो आणि फळ्यावर ट्रेव्हरच्या आयुष्याचे वर्तुळच काढून दाखवतो. शाळा, बेकारी, चोरी, कोठडी. सुटला की पुन्हा बेकारी, पुन्हा चोरी. हिशेब अगदी बिनचूक! (आपले काही गुरुजनही आमचे भविष्य असेच फळ्यावर मांडतात, त्यांची क्षमा मागून लिहितो.) पण ज्याचे आयुष्य मांडले जात आहे तो समोरच बसला आहे, आणि तो मठ्ठ नाही. त्याला सारे कळते. कळूनही तो वाकत नाही.

म्हणूनच ‘बिचारा, समाजाचा बळी’ असे म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. घरची करुण कहाणी सांगून लेखक आपले डोळे ओले करीत नाही. खोलीतला सोबती एरल हा काळा मुलगा. त्याला बरोबर घेऊन ट्रेव्हर आशियाई लोकांच्या घरावर दगड फेकतो आणि मग त्यालाच पोलिसांच्या दारात सोडून पळतो. अखेरीस कोठडीत दंडुका बसल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे हसू उमटते, ते मात्र पाहवत नाही.

तरीही माझी एक तक्रार आहे. कॅमेरा सतत ट्रेव्हरच्या पावलांमागे धावतो. फुटलेल्या काचेच्या आत तो जात नाही. १९७६ साली लंडनच्या साउथॉल भागात गुरदीप सिंग चग्गर हा अठरा वर्षांचा विद्यार्थी रस्त्यावर भोसकून मारला गेला. तोही कुमारच होता. त्या खिडकीच्या आत अभ्यास करीत बसलेल्या एखाद्या मुलाचे नाटक मला पाहायचे आहे.