आधी विहीर, मग गाडी

मालवणच्या किनारपट्टीवरील घरात लहान मूल दिसेनासे झाले की बायामाणसे हाका मारीत सुटत, पोरे माडांच्या बागेत शिरत. पण घरातला कर्ता माणूस काही न बोलता प्रथम विहिरीवर जाई आणि वाकून पाही. ही रीत कोणी शिकवलेली नव्हती. विहिरीचे भय पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडले होते. म्हणूनच तिला कठडा बांधला जाई आणि चालू लागलेल्या मुलाला तिच्याकडे फिरकू दिले जात नसे.

आज त्याच खळ्यात, विहिरीपासून दहा पावलांवर, मोटारगाडी उभी असते. मे महिन्यात तर चाकरमान्यांच्या तीन-चार गाड्या एकामागे एक लागतात. दारे बहुधा उघडीच असतात. गावात चोरीचे भय नाही हा आपला अभिमान, आणि तो रास्तही आहे. परंतु उघडी गाडी मुलांना लपाछपीसाठी आयती खोली वाटते. मागच्या दाराला चाइल्ड लॉक असेल तर ते दार आतून उघडत नाही आणि बंद काचेतून आतला आवाज ओटीवर पोहोचत नाही.

नागपुरात 17 जून 2023 रोजी खेळायला गेलेली तीन लहान मुले नाहीशी झाली. शोध सुरू झाला, पोलिसांत तक्रार झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सापडली. घरापासून हाकेच्या अंतरावर उभ्या असलेल्या मोटारीत, मृतावस्थेत. एप्रिल 2024 मध्ये मुंबईत अँटॉप हिल येथे एका उभ्या गाडीत 7 आणि 5 वर्षांची भावंडे अशीच दगावली.

यावर आपल्याकडे हमखास येणारे उत्तर म्हणजे, कोकणात नागपूरसारखे ऊन कुठे? ही समजूतच घातक आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाहेर अवघे 22 अंश सेल्सिअस तापमान असतानाही उन्हातील बंद गाडीचा अंतर्भाग तासाभरात 47 अंशांच्या आसपास गेला. वाढीचा सुमारे 80 टक्के भाग पहिल्या अर्ध्या तासातलाच होता. आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यात पारा 33-34 अंशांवर असतो, आणि वर दमटपणा असा की आलेला घाम सुकत नाही. घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. मुलाचे शरीर तर मोठ्या माणसाच्या तिपटी-पाचपटीने वेगात तापते.

अशा बातम्यांत ‘गुदमरून’ हा शब्द सर्रास येतो. माझ्या व्यवसायबंधूंनी तो जपून वापरावा, असे वाटते. त्याने हवेचाच प्रश्न आहे असा समज होतो आणि माणसे काच दोन बोटे खाली करून निर्धास्त होतात. उन्हात उभ्या गाडीत घात करते ती मुख्यतः उष्णता, आणि काच थोडी उघडी ठेवल्याने तिला फारसा आळा बसत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसले. तेव्हा झोपलेल्या बाळाला गाडीत ठेवून मासळीबाजारात ‘दोन मिनिटांत’ जाऊन येणाऱ्यांनी सुरमईचा भाव करण्यात किती वेळ जातो, हे एकदा घड्याळ लावून पाहावे.

एकत्र कुटुंबात मुलांवर सगळ्यांचे लक्ष असते, असे आपण कौतुकाने म्हणतो. सुट्टीत वीस माणसे जमलेल्या घरात मात्र आईला वाटते मूल काकीकडे, काकीला वाटते आजोबांकडे. दुपारच्या जेवणानंतर सारे घर आडवे होते, ती वेळ सर्वांत वाईट. त्या तासाभरासाठी एकाच माणसाच्या नावे मुले सोपवावीत. आलेल्या प्रत्येक गाडीची दारे आणि डिकी कुलूपबंद करावी, किल्ली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. कळत्या मुलांना पुढच्या दाराने बाहेर पडायला आणि हॉर्न दाबत राहायला शिकवावे. बंद पडलेली, टायर बसलेली जुनी गाडी वाडीत कुठे असेल तर तिचीही दारे तपासावीत. तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते.

आणि मूल दिसले नाही तर विहिरीवरून परतणाऱ्या पायांनी थेट गाड्यांकडे जावे, डिकी उघडून पाहावी, मग समुद्राकडे धावावे. मूल आत कोंडलेले दिसले आणि किल्ली हाताशी नसेल तर त्याच्यापासून दूरची काच फोडावी. त्याला सावलीत घ्यावे, कपडे सैल करून अंग पाण्याने भिजवावे, वारा घालावा आणि 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.