निर्यापक कोण होणार?

आचार्य शिवार्यांच्या ‘भगवती आराधना’ या प्राचीन ग्रंथात सल्लेखना स्वीकारलेल्या क्षपकाच्या सेवेसाठी 48 निर्यापक मुनी सांगितले आहेत. कोणी त्याची कूस पालटावी, कोणी धर्मकथा ऐकवावी, कोणी आहार-पाण्याची व्यवस्था पाहावी, कोणी मलमूत्र स्वच्छ करावे, अशी कामांची वाटणीही तेथे आहे. काळ प्रतिकूल असेल तर ही संख्या दोनपर्यंत कमी करता येते. मात्र एकट्यावर हा भार टाकू नये, असे ग्रंथकार बजावतात.

श्रावकाच्या घरी आज याच्या उलट घडते. कर्करोग शरीरभर पसरतो, नंदुरबार, शहादा, नवापूरचे कुटुंब सुरत, नाशिक, मुंबई असा प्रवास करते, आणि एके दिवशी डॉक्टर सांगतात, “आता घरी न्या.” त्यानंतर पेढी पुरुष सांभाळतात आणि रात्रंदिवस उशाशी बसते ती एकटी पत्नी किंवा सून. दुखणे वाढले की पुन्हा अतिदक्षता विभाग, पुन्हा नळ्या, पुन्हा खर्च. पैशाची उणीव नसलेल्या घरातही मृत्यू अशांत होतो.

वैद्यकशास्त्राने या अवस्थेसाठी पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक सेवा, ही स्वतंत्र शाखा विकसित केली आहे. डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. रुग्णाची वेदना केवळ शारीरिक नसते. तिला मानसिक, सामाजिक आणि आत्मिक अंगेही असतात, हा त्यांचा विचार जगाने स्वीकारला. मुंबईत वांद्रे येथे 1986 मध्ये शांती आवेदना सदन उभे राहिले. पुण्यात वारजे येथे 1997 मध्ये सिप्ला केंद्र सुरू झाले. केरळमध्ये 1993 साली कोझिकोडला सुरू झालेले काम पुढे गावोगावच्या स्वयंसेवकांनी उचलले. तेथे प्रशिक्षित परिचारिका घरोघरी जातात आणि शेजारीपाजारी आठवड्यातील काही वेळ रुग्णासाठी देतात.

या सेवेतील मोठा अडथळा वेदनाशमनाचा आहे. तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे परिणामकारक आणि तुलनेने स्वस्त औषध आहे. ते अफूपासून बनते आणि ती अफू शेजारच्या मध्य प्रदेशात मंदसौर, नीमच भागात पिकते. तरीही 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील परवान्यांच्या गुंतागुंतीमुळे अनेक वर्षे रुग्णालये ते ठेवण्यास कचरत. 2014 च्या दुरुस्तीने ही वाट सुकर केली. व्यसन लागेल ही भीती घरोघरी असते. पण तज्ज्ञ डॉक्टरांनी वेदना पाहून, मोजून दिलेल्या औषधाने असे क्वचितच घडते. रात्रिभोजनत्यागाचा नियम असणाऱ्या रुग्णाने तो डॉक्टरांना आधीच सांगावा. त्वचेवर लावण्याची, सुमारे तीन दिवस परिणाम देणारी फेंटानिलची पट्टीही काही रुग्णांना चालते.

दुसरा अडथळा घरातलाच आहे. “बापूजींना काही सांगू नका,” असे सारे कुटुंब ठरवते. हेतू मायेचा असतो. परंतु ज्याला आपली अवस्थाच ठाऊक नाही, त्याने आलोचना केव्हा करावी? क्षमापना कोणाकडे मागावी? व्यवहार कोणाच्या हाती सोपवावा? रुग्णाला जाणून घ्यायचे असेल, तर सत्य सौम्य शब्दांत सांगणे हाही सेवेचाच भाग आहे.

उपशामक सेवा म्हणजे सल्लेखना नव्हे. सल्लेखना हे साधकाने गुरूंच्या अनुज्ञेने स्वेच्छेने घेतलेले व्रत आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये त्याविरुद्ध निर्णय दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. उपशामक सेवा ही चिकित्सा आहे. ती मृत्यू ओढून आणत नाही आणि लांबवतही नाही. मात्र वेदना आवरल्या, तर णमोकार मंत्रात मन स्थिर ठेवणे रुग्णाला सोपे जाते, हे दोन्हीकडे सारखेच खरे.

1998 मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सहा तालुके आहेत आणि दोन-तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. व्यापारी कुटुंबाला निदान गाडी करून सुरत गाठता येते. अक्राणीच्या डोंगरातील किंवा नर्मदाकाठच्या पाड्यावरील रुग्णाला तेही अवघड असते. 2020 पासून नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यामुळे येथे इमारतीपेक्षा घरी जाणाऱ्या सेवेची गरज अधिक आहे.

संघाने मनात आणले तर प्रारंभ अवघड नाही. एका-दोन परिचारिकांच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलावा. वर-खाली होणारी खाट, हवेची गादी, चाकाची खुर्ची, ऑक्सिजन यंत्र यांचा साठा करून तो जात-धर्म न पाहता वापरावयास द्यावा. आठ-दहा श्रावक-श्राविकांनी कूस पालटणे, पाठीवरील जखमा टाळणे, तोंडाची स्वच्छता शिकून घ्यावी आणि पाळ्या लावाव्यात. रात्र जागणाऱ्या सुनेला आठवड्यातून दोन रात्री पूर्ण झोप मिळाली, तरी पुष्कळ साधले.

वैयावृत्त्य हे सहा अभ्यंतर तपांपैकी एक आहे. उपवासाच्या पारण्याला सारा संघ जमतो. अखेरचे दिवस मोजणाऱ्या रुग्णाच्या घरी निदान दोघांनी पाळीपाळीने जावे, एवढा ठराव संघाच्या पुढील सभेत व्हावयास हरकत नाही.