सहल हवी, पण दिवसाउजेडी

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत सहलीची चर्चा सुरू होते. यंदाही ती सुरू झाली आहे. पालक सभेत काही पालक म्हणाले, सहल नकोच. हल्लीच्या बातम्या वाचल्या की जीव घाबरतो. काहींनी सुचवले की शहराजवळच्या एखाद्या करमणूक उद्यानात न्यावे व सायंकाळी घरी आणावे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना मात्र महाबळेश्वर हवे आहे. शुक्रवारी रात्री बसने निघायचे आणि सोमवारी पहाटे परतायचे, म्हणजे मुक्कामाचा खर्च वाचतो व शाळाही बुडत नाही. (शाळा थोडी बुडली तर त्यांची फारशी तक्रार असेल, असे आम्हाला वाटत नाही.)

आमचा प्रस्ताव या तिन्हींहून वेगळा आहे. श्रीशैलमला जावे. शनिवारी सकाळी साडेसहाला निघावे, एक मुक्काम करावा, रविवारी दिवेलागणीपूर्वी परत यावे, आणि बस फक्त दिवसाउजेडी चालावी. विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत हा विषय आहे. म्हणून त्यामागचा आमचा विचार येथे थोडा विस्ताराने मांडत आहोत.

प्रथम रात्रीच्या बसबद्दल. शाळांच्या सहली रात्री निघतात त्याचे कारण एकच, हॉटेलचे पैसे वाचतात. पण चालकाला ऐन झोपेच्या वेळी घाट चढावा लागतो, आणि ज्या डोंगरांसाठी एवढी धडपड केली तेच डोंगर मुलांच्या झोपेत मागे पडतात. आपल्या हैदराबादच्या मराठी घरांतील मुलांचे तसेही हेच होते. पिढ्यानपिढ्या आपण येथे राहतो. सुट्टीत नांदेड, लातूर, सोलापूर, पुणे होते, पण प्रवास बहुधा रात्रीच्या गाडीने. खंडाळ्याचा घाट आमच्या किती विद्यार्थ्यांनी जागेपणी पाहिला आहे, हे वर्गात विचारून पाहावे. पुस्तकात सह्याद्रीचा धडा असतो, नकाशात तपकिरी रंग असतो आणि डोळ्यांना डोंगर ठाऊक नसतो.

श्रीशैलमचा रस्ता साधारण सव्वादोनशे किलोमीटरचा आहे. तुक्कुगुडा, कडताल, आमनगल अशी गावे मागे पडतात, तोपर्यंत आपल्या ओळखीचेच गोल गोल ग्रॅनाइटचे खडक दिसत राहतात. दिंडीचा जलाशय ओलांडला की काही वेळाने जमीन चढू लागते. मन्ननूरला वनखात्याचे नाके लागते आणि तेथून नल्लमलाचे जंगल सुरू होते. तेलुगूत नल्ल म्हणजे काळा आणि मला म्हणजे डोंगर. येथे ग्रॅनाइट संपून क्वार्ट्झाइट व पाटीचे थर दिसू लागतात. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट लाव्हारसाचा आणि हे डोंगर प्राचीन गाळाचे, हा फरक भूगोलाच्या तासाला फळ्यावर काढून समजत नाही. रस्त्याच्या कापलेल्या कडेला तो हाताने दाखवता येतो.

या नाक्याचा एक नियम आम्हाला विशेष आवडतो. रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळात जंगलातून वाहने सोडत नाहीत. वन्य प्राण्यांसाठी केलेला हा नियम आमच्या मुलांच्याही हिताचा आहे. हे वाघांचे राखीव क्षेत्र आहे; १९८३ साली ते नागार्जुनसागर-श्रीशैलम प्रकल्प म्हणून घोषित झाले आणि २०१४ साली राज्य विभागल्यानंतर तेलंगणाकडचा भाग अमराबाद या नावाने वेगळा झाला. वाघ दिसेल असे आम्ही मुलांना मुळीच सांगणार नाही. माकडे भरपूर दिसतील, त्यांना बिस्किटे टाकायची नाहीत.

पुढे डोमलपेंटा आणि ईगलपेंटा अशी दोन गावे लागतात. तेलुगू समजणाऱ्या मुलांना येथे हसू येईल, कारण एक डासांची वस्ती व दुसरी माश्यांची. पेंटा म्हणजे चेंचू लोकांची वाडी. हे लोक फार पूर्वीपासून या जंगलात शिकार, कंदमुळे व मध यांवर राहत आले. श्रीशैलमच्या मल्लिकार्जुनाला ते चेंचू मल्लय्या म्हणतात आणि त्यांच्या मुलीशी त्याचे लग्न झाले, म्हणून तो आपला जावई, असे मानतात. ज्योतिर्लिंगाला जावई मानणारी माणसे भेटली तर मुलांनी नमस्कार करून चार शब्द बोलावेत. त्यांचे फोटो काढत सुटू नये.

याच डोमलपेंट्याजवळ २२ फेब्रुवारी २०२५ रोजी कालव्याच्या बोगद्याचे छत कोसळले आणि आठ कामगार आत अडकले. त्यांपैकी कोणीही जिवंत परतले नाही. कृष्णेचे पाणी नलगोंड्याच्या कोरड्या भागाला मिळावे म्हणून हा ४४ किलोमीटरचा बोगदा खणला जात होता. मोठ्या वर्गांना हेही सांगितले पाहिजे. खिडकीतून दिसणारा हिरवा डोंगर कोणाच्या तरी कामाची जागाही असतो.

मग रस्ता वळणे घेत कृष्णेच्या दरीत उतरतो आणि समोर धरण येते. गंमत अशी की श्रीशैलमचे देऊळ समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या हैदराबादपेक्षा थोडे खालीच. तरी ते उंच शिखरावर वाटते, कारण खाली नदीने खोल दरी कोरली आहे. हे पाणी निघते महाबळेश्वरला. वाई, कऱ्हाड, सांगली करत ते कर्नाटकात अलमट्टी व नारायणपूरच्या धरणांत थांबते, तेथून जुराळा, पुढे तुंगभद्रेचा संगम आणि मग येथे. महाबळेश्वरचा हट्ट धरणाऱ्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे की महाबळेश्वर स्वतःच येथपर्यंत चालत येते!

शिवाजी महाराज १६७७ साली भागानगरला आले, अबुल हसन कुतुबशहाला भेटले आणि पुढे दक्षिणेच्या मोहिमेवर जाताना श्रीशैलमला सुमारे दहा दिवस राहिले. ते आजच्या या रस्त्याने नव्हे, कर्नूलच्या बाजूने गेले. मंदिराचे उत्तरेकडील गोपुर आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. आपल्या शहरातून निघून महाराज कोठे गेले, हे हैदराबादच्या मराठी मुलांनी पाहू नये, तर कोणी पाहावे?

आता भीतीबद्दल. पालकांची भीती खोटी नाही. ८ जून २०१४ रोजी आपल्याच शहरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी बसने मनालीकडे जात असताना थलोट येथे बियास नदीच्या पात्रात उतरले. संध्याकाळची वेळ होती, फोटो काढणे चालू होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडले गेले आणि काही मिनिटांत २४ विद्यार्थी व सहलीबरोबरचा एक व्यवस्थापक वाहून गेला. शोध कित्येक आठवडे चालला. त्या दिवसांत या शहरातील प्रत्येक घर दूरदर्शनसमोर बसून होते. २०१६ साली हिमाचल उच्च न्यायालयाने प्रत्येक विद्यार्थ्याच्या आईवडिलांना २० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. त्यातील ६० टक्के वीज मंडळावर, ३० टक्के महाविद्यालयावर आणि १० टक्के राज्य सरकारवर टाकले. मुलांना नेणाऱ्या संस्थेवर टाकलेले हे ३० टक्के आमच्या विश्वस्तांनी जरूर लक्षात ठेवावेत. आम्हीही ठेवले आहेत.

दुसरी घटना ११ सप्टेंबर २०१८ ची, कोंडगट्टूची. हनुमानाच्या डोंगरावरून उतरणारी बस दरीत कोसळली आणि ६० हून अधिक माणसे गेली. तिच्यात शंभरावर प्रवासी कोंबलेले होते.

या घटना वाचून डोंगर टाळावेत असे अनुमान काढणे आम्हाला चुकीचे वाटते. बियासकाठी न ठरवलेल्या जागी थांबणे आणि वर धरण असलेल्या नदीच्या पात्रात उतरणे घातक ठरले. कोंडगट्टूला बसमध्ये माणसे जास्त होती. या दोन्ही गोष्टी शाळेच्या हातात असतात. म्हणून ठरवलेल्या ठिकाणांखेरीज बस कोठेही थांबणार नाही. मुले पाण्यात पाय घालणार नाहीत, पाताळगंगेतही नाही. तेथील पाणी वरूनच पाहायचे, आणि होडी नाही म्हणजे नाही. जितक्या जागा तितकीच मुले. शिक्षकांच्या मुलांनाही मांडीवर घेऊन न्यायचे नाही. चालकाला रात्री झोपायला खोली द्यायची. त्याने बसमध्येच आडवे व्हावे ही पद्धत बंद. धरणाच्या पलीकडे आंध्र प्रदेश सुरू होतो, तेव्हा बसचा त्या राज्याचा परवाना व फिटनेसचे कागद आधी आम्ही स्वतः पाहू. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच का ठेवतात, सतत दाबलेला ब्रेक तापून निकामी कसा होतो, हे नववीला निघण्याआधी विज्ञानाच्या तासाला शिकवले जाईल. मागच्या बाकावरची चार पोरे त्यामुळे चालकावर लक्ष ठेवतील, आणि ते आमच्या लक्ष ठेवण्यापेक्षा अधिक कडक असेल.

करमणूक उद्यानाबद्दल फार लिहायचे नाही. तेथे आईवडिलांबरोबर रविवारी जाता येते.

खरा प्रश्न पैशाचा आहे. दिवसा प्रवास म्हटला की मुक्काम आला, दोन वेळचे जेवण वाढले, चालकाची खोली वाढली. रात्रीच्या बसपेक्षा माणशी खर्च जास्त होतो आणि तो सर्वांना झेपत नाही. दरवर्षी प्रत्येक वर्गातील काही मुले ‘मला यायचे नाही’ असे सांगतात. त्यांतील किती जणांना खरोखरच यायचे नसते, हे वर्गशिक्षकांना चांगले ठाऊक असते. मुक्कामाचा खर्च संस्थेने उचलावा आणि पालकांकडून फक्त बस व जेवणाचे पैसे घ्यावेत, अशी आमची विश्वस्त मंडळाला विनंती आहे. स्नेहसंमेलनाच्या मंडपावर व ध्वनिवर्धकांवर आपण जो खर्च करतो, त्यातून एक वर्ष थोडे कमी केले तरी हे जमण्यासारखे आहे. हे वाक्य सांस्कृतिक समितीला आवडणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे.

बसमध्ये चित्रपट लावला जाणार नाही. मोबाइल फक्त शिक्षकांकडे असतील. दिंडीपर्यंत अंताक्षरी चालेल, मन्ननूरच्या नाक्यानंतर आवाज बंद आणि खिडक्या उघड्या.

मार्गशीर्षातला एखादा शनिवार-रविवार धरावा असा विचार आहे. कार्तिकात व महाशिवरात्रीला तेथे पाय ठेवायला जागा नसते. मंडळाची मान्यता मिळाल्यास संमतीपत्रे वर्गशिक्षकांमार्फत घरी येतील. त्यावर रक्तगट व औषधे नीट लिहावीत. ज्यांना गाडी लागते त्यांची नावे आधी कळवावीत. अशा मुलांना पुढची बाके मिळतील, आणि त्या सकाळी त्यांना घरून वडे-समोसे खाऊन पाठवू नये.

— प्राचार्य