एका टोडाची तीन बारशी

एखाद्या प्राण्याचं शास्त्रीय नाव बदललं अशी बातमी वाचली की आपली प्रतिक्रिया ठरलेली असते: "ह्या लोकांना दुसरे उद्योग नाहीत का?" ऑफिसच्या कँटीनमध्ये मी हा विषय काढला तेव्हाही नेमकं हेच ऐकायला मिळालं. चहाच्या ब्रेकमध्ये उत्तर पूर्ण देता आलं नाही, म्हणून आज शनिवारची सकाळ सत्कारणी लावतोय.

विषय आहे दक्षिण आफ्रिकेतला एक टोड. मराठीत आपण सगळ्यांनाच बेडूक म्हणून मोकळे होतो. 'भेक' हा शब्द फक्त पुस्तकात भेटतो. खडबडीत कातडीचा, आखूड पायांचा, लांब उडी मारण्यापेक्षा छोट्या छोट्या उड्यांत समाधान मानणारा जो प्राणी पावसाळ्यात दिव्याखाली किडे खायला येऊन बसतो, तो टोड.

आपल्या गोष्टीतल्या टोडाचं इंग्रजी नाव वेस्टर्न लेपर्ड टोड. चांगला तळहाताएवढा होतो. पिवळसर अंगावर चॉकलेटी ठिपके, पाठीच्या मधोमध बहुतेक वेळा एक पिवळी रेघ. राहतो कुठे? केप टाऊन शहर आणि त्याच्या आसपासचा सखल भाग, आणि तिथून पूर्वेला केप अगुल्हासच्या बाजूचं किनारी मैदान. मधे बराच मोठा भाग रिकामा. बस्स, एवढंच जग! त्यातही अर्ध्या जगावर माणसांनी बंगले, रस्ते आणि गोल्फ कोर्स बांधलेले.

आता त्याची बारशी बघा. १८२८ साली अँड्र्यू स्मिथ ह्या लष्करी डॉक्टरने त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. तेव्हा जगातले बहुतेक टोड 'बुफो' ह्या एकाच प्रजातीत कोंबले जात, त्यामुळे हा झाला बुफो पँथेरिनस. २००६ साली डॅरेल फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी उभयचरांचा मोठा वंशवृक्ष मांडला आणि बुफोचे बरेच तुकडे केले. बहुतेक टोडांत २२ गुणसूत्रं असतात, पण आफ्रिकेतल्या एका मोठ्या गटात २०. त्या गटाला अमिएटोफ्रायनस हे नवं नाव मिळालं. (आपल्या अंगणातला टोडही त्याच वेळी बुफोचा दत्ताफ्रायनस झाला, सुशीलकुमार दत्ता ह्या भारतीय शास्त्रज्ञाच्या नावावरून. आपल्याला कुणी कळवलं नाही, ते सोडा.)

दहा वर्षांनी आणखी गंमत. १८३८ साली चुडी नावाच्या स्विस निसर्गतज्ज्ञाने केपमधल्या एका टोडाला स्क्लेरोफ्रिस कॅपेन्सिस असं नाव दिलं होतं. तो नमुना पॅरिसच्या संग्रहालयात जपून ठेवलेला होता. २०१६ साली अनेमरी ओहलर आणि अ‍ॅलेन द्युब्वा ह्यांनी तो नीट तपासला आणि लक्षात आलं की हा टोड ह्याच अमिएटोफ्रायनस गटातला आहे. नावांच्या जगात नियम साधा आहे: जुनं नाव जिंकतं. १८३८ विरुद्ध २००६, निकाल उघड. अख्खा गट स्क्लेरोफ्रिस झाला. वर स्क्लेरोफ्रिस हे नाव व्याकरणाने स्त्रीलिंगी, म्हणून पँथेरिनसचा झाला पँथेरिना!

आता कँटीनवाल्यांचा मुद्दा मला इथपर्यंत मान्य आहे. ह्या सगळ्याने टोडाला काय फरक पडला? शून्य. आमच्या भाषेत सांगायचं तर हे टेबलाचं नाव बदलणं झालं. आतला डेटा तोच, जुन्या क्वेरी तेवढ्या तुटतात, दोन दिवस सगळे शिव्या घालतात आणि मग सवय होते. जुन्या कागदांत बुफो, मधल्या कागदांत अमिएटोफ्रायनस, नव्यात स्क्लेरोफ्रिस. शोधताना डोकं उठतं, पण जीव कुणाचा जात नाही.

पण मधे १९९८ साली एक गोष्ट घडली, तिची जात पूर्ण वेगळी आहे.

त्याआधी बराच काळ केप टाऊनचा लेपर्ड टोड आणि तिथून कित्येकशे किलोमीटर पूर्वेला, आजच्या ईस्टर्न केप प्रांतात राहणारा लेपर्ड टोड हे दोन्ही एकच समजले जात होते. नाव बुफो पार्डालिस. ह्या पार्डालिसचं वर्णन ह्युइटने १९३५ साली केलं होतं. १९९८ साली पॉइंटन आणि लँबिरिस ह्यांनी दाखवून दिलं की केपच्या नैर्ऋत्य टोकाचा टोड वेगळी जात आहे आणि तिच्यासाठी स्मिथचं १८२८ चं नाव कधीचं तयार आहे. त्या नावाला आधार म्हणून त्यांनी नवा नमुनाही ठरवून दिला.

ह्याने काय झालं? एक नकाशा फाडून त्याचे दोन नकाशे झाले. आदल्या दिवशी लेपर्ड टोड हा केप टाऊनपासून पार ईस्टर्न केपपर्यंत भेटणारा प्राणी होता. केप टाऊनमधलं एखादं तळं बुजवलं तर म्हणायला सोय होती, "अहो, तिकडे पूर्वेला आहेत की पुष्कळ." दुसऱ्या दिवशी ती सोय संपली. आता हा टोड पृथ्वीवर फक्त त्या दोन छोट्या पट्ट्यांत राहतो, आणि त्यातला एक पट्टा म्हणजे एक वाढतं महानगर. आज हा टोड धोक्यात आलेल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. रानात एकही टोड हलला नव्हता. बदललं होतं फक्त आपलं वर्गीकरण.

माझं म्हणणं एवढंच आहे की ह्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. नाव बदलणं आणि जात वेगळी काढणं. पहिल्याला खुशाल हसा. दुसऱ्याला हसलात तर नक्की कोणाला वाचवायचं हा प्रश्नच तुम्ही निकालात काढता.

ह्याचा रोजच्या कामाशी किती संबंध आहे ते केप टाऊनमध्येच बघा. थंडी सरत आली की, साधारण ऑगस्टच्या सुमारास, हे टोड पावसाळी रात्री बागांमधून निघून तळ्यांकडे जातात. वाटेत रस्ते, रस्त्यांवर गाड्या. म्हणून नूरडहूकसारख्या उपनगरांत स्वयंसेवक टॉर्च आणि बादल्या घेऊन उभे राहतात, टोड उचलून पलीकडे सोडतात आणि पाठीचे फोटो काढतात. प्रत्येकाच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी, अगदी बोटांच्या ठशांसारखी, त्यामुळे तोच टोड पुढच्या वर्षी ओळखता येतो.

आणि त्याच शहरात दुसरा एक टोड पकडून काढून टाकायची मोहीम २०१० सालापासून सुरू झाली! हा गटरल टोड, म्हणजे स्क्लेरोफ्रिस गटुरालिस. (गटाराशी संबंध नाही, नाव त्याच्या घशातल्या आवाजावरून.) प्रजाती तीच, आकारही फार वेगळा नाही. पण हा केनियापासून डर्बनपर्यंत मुबलक. २००० साली तो केप टाऊनच्या कॉन्स्टँशिया भागात सापडला. बहुधा पाणवनस्पतींच्या मालाबरोबर चुकून आला असावा. केप टाऊनला पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. पण बंगल्यांच्या बागेतली तळी उन्हाळ्यातही भरलेली, त्यामुळे ह्या पाहुण्याची छान सोय झाली.

इथे 'देशी-परदेशी' ही आपली आवडती विभागणी कोलमडते. गटरल टोड दक्षिण आफ्रिकेचाच नागरिक आहे की! तरी केप टाऊनमध्ये तो परका. प्राण्यांचा पत्ता पासपोर्टवर लिहिलेला नसतो. हाच टोड १९२२ साली उसावरच्या भुंगेऱ्यांचा बंदोबस्त करायला मॉरिशसमध्ये नेऊन सोडला होता. त्याच उसासाठी एकोणिसाव्या शतकात इथून माणसंही नेली होती, त्यांतल्या मराठी माणसांचे वंशज आजही तिथे आहेत. २०१९ साली जनुकीय अभ्यासातून दिसलं की मॉरिशसचे, शेजारच्या रेयुनियन बेटावरचे आणि केप टाऊनचे गटरल टोड हे सगळे मूळचे डर्बनच्या बाजूचे. हे कळलं कारण कुणीतरी कोणता टोड कुठला ह्याची नीट नोंद ठेवत होतं.

आता कल्पना करा, रात्रीचे दहा, पाऊस, हातात टॉर्च आणि समोर एक टोड. उचलून रस्ता पार करून द्यायचा की पिंजऱ्यात टाकायचा? नाकाडावर आणि डोळ्यांमागे गडद डागांच्या जोड्या, मधे फिकट क्रॉस, तर गटरल. पिवळ्यावर मोठे चॉकलेटी ठिपके, तर लेपर्ड. ही ओळख चुकली तर मोहीम नेमकी ज्याला वाचवायचं त्यालाच मारेल. "काय फरक पडतो, टोड तो टोड" हे वाक्य त्या रस्त्यावर उभं राहून म्हणून दाखवा.

एक आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. बारीकसारीक फरकावरून जाती फोडत गेलं तर प्रत्येक तळ्याची वेगळी जात होईल आणि प्रत्येक जात दुर्मिळ! मग संरक्षणाचे पैसे कुठे कुठे पुरणार? बरोबर आहे. पण त्यावर उपाय वर्गीकरण थांबवणं हा नाही. नमुने, आवाज, जनुकं सगळं उघड्यावर मांडून भांडणं हा उपाय आहे, आणि हे लोक तेच करतात. चुडीचा टोड जवळजवळ पावणेदोनशे वर्षं जपून ठेवला म्हणूनच २०१६ साली वाद मिटवता आला. आमच्याकडे पाच वर्षांपूर्वीच्या कोडमध्ये एखादी ओळ का लिहिली ते कुणाला आठवत नाही!

त्यामुळे संग्रहालयात धूळ खात पडलेल्या बरण्या, त्यांवर खर्च कशाला, असं कुणी म्हटलं की मला तो केप टाऊनचा रस्ता आठवतो. त्या बरण्या म्हणजे बॅकअप आहे. आणि बॅकअपवरचा खर्च वाचवणाऱ्यांचं पुढे काय होतं, ते आपल्या धंद्यातल्या लोकांना मी काय सांगणार?