वेळासचे पाहुणे

थंडी ओसरू लागली आणि मुलांच्या परीक्षांना अजून थोडा अवकाश असला, की घरोघरी समुद्रकाठच्या सहलीचे बेत शिजू लागतात. कोकणातले एखादे शांत, लहानसे गाव सुचवा, असे कोणी म्हटले तर आम्ही वेळासचे नाव सांगतो. आणि सांगताक्षणीच मनात थोडे चपापतो. लहान गावाची गोडी त्याच्या लहानपणातच असते, आणि पाहुण्यांची गर्दी नेमकी तीच गोडी चोरून नेते. म्हणून या वेळी गावाच्या नावाबरोबर तेथे जाण्याची रीतही सांगावी, असे ठरविले आहे.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात आहे. सावित्री नदी जेथे सागराला मिळते तेथे बाणकोटची खाडी लागते. खाडीच्या पलीकडे रायगड जिल्ह्यातले हरिहरेश्वर, अलीकडे बाणकोटचा किल्ला, आणि किल्ल्याच्या पुढे थोड्याच अंतरावर हे गाव. मराठ्यांच्या इतिहासात ज्यांचे नाव गाजले त्या नाना फडणविसांच्या भानू घराण्याचे हे मूळ गाव होय. पेशव्यांचे भट घराणे खाडीपलीकडच्या श्रीवर्धनचे. दोन्ही घराण्यांचा स्नेह या खाडीच्या दोन तीरांवर जडला. पण आज वेळासची ख्याती आहे ती कारभाऱ्यांमुळे नव्हे, तर कासवांमुळे.

गावाची वस्ती समुद्राला अगदी लागून नाही. नारळी-पोफळीच्या बागा, चिऱ्याच्या भिंती, शेणाने सारवलेली अंगणे यांमधून वाट काढीत गेले की मग किनारा दिसतो. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण तिचे महत्त्व फार आहे. गावातले दिवे वाळूपर्यंत पोचत नाहीत, आणि रात्री किनारा खरोखर काळोखात असतो. शहरी माणसाला असा काळोख आता अपूर्वाईचा झाला आहे. समुद्रकासवाला मात्र तो जीव की प्राण आहे.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्याच्या रात्री भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या वाळूत येते. मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि खड्डा बुजवून अंगाच्या भाराने वाळू ठोकून बसवते. नंतर ती जी समुद्रात जाते ती पुन्हा मागे वळून पाहत नाही. पुढचे दीड-दोन महिने आईचे काम उन्हाने तापलेली वाळूच करते. कोल्हे, कुत्री, रानडुकरे यांना त्या खड्ड्यांचा वास बरोबर लागतो. आणि माणसालाही लागत असे. कासवाची अंडी उकरून नेणे, खाणे, विकणे ही कोकण किनाऱ्यावरची जुनी चाल होती. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला वाघाच्या बरोबरीचे संरक्षण दिले खरे. पण काळोख्या किनाऱ्यावर पहाटे कोण काय उकरतो, हे कायद्याला कसे दिसावे?

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करीत वेळासला आले, तेव्हा त्यांना अंडी चोरीला गेल्याच्या खुणा दिसल्या. संस्थेचे भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी यांनी गावकऱ्यांशी बोलून काम आरंभिले, आणि त्या पहिल्याच हंगामात ५० घरटी राखली गेली. अडीच हजारांहून अधिक पिले समुद्रात गेली. या कामी शहाणपणाची गोष्ट कोणती, तर किनाऱ्याची बारीकसारीक माहिती असलेली गावचीच माणसे कामाला घेतली. वाळूवरचा माग ओळखणारा डोळा एका दिवसात तयार होत नाही. तो गावात होताच, त्याला वळण तेवढे नवे मिळाले. या माणसांना आता 'कासवमित्र' म्हणतात.

त्यांचा दिनक्रम पाहण्यासारखा असतो. उजाडण्यापूर्वी सारा किनारा पायी तुडवायचा. मादी आल्याची रुंद रेघ वाळूवर दिसली, की ती जेथे वळली आहे तेथे जागा चाचपून खड्डा शोधायचा, अंडी हलक्या हाताने काढायची आणि जाळीने बंदिस्त केलेल्या हॅचरीत तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरायची. अंडे उलटेसुलटे होता कामा नये, नाहीतर आतला जीव गुदमरतो. प्रत्येक खड्ड्यापाशी तारीख लिहिलेली पाटी असते. दिवस भरत आले, की खड्ड्यावर वेताची टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात. टोपलीखाली कधी चाळीस-पन्नास काळीसावळी पिले एकमेकांवर चढत असतात, कधी नुसती वाळू असते.

२००६ पासून येथे कासव महोत्सव भरू लागला. हे पिलांचे समुद्रगमन पाहावयास पाहुणे येऊ लागले आणि गावातल्या कुटुंबांनी आपल्याच घरात त्यांची उतरण्याची सोय केली. आमच्या मते वेळासची खरी कमाई ही आहे. निवासासाठी मोठी इमारत बांधावी लागली नाही. ओटी होती, माजघर होते, चूल होती. पाहुण्याला घरच्यासारखे ताट मिळते: कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी, आमसुलाची कढी, सणासुदीसारखे उकडीचे मोदक. जेवणाचे पैसे स्वयंपाक करणाऱ्या घरातच राहतात. ज्या वाळूतून पूर्वी अंडी नेली जात, तीच वाळू राखल्याने घरात चार पैसे येतात, हे एकदा अनुभवाला आले, की मग राखणदारीला पहारेकरी वेगळा नेमावा लागत नाही.

पण याच यशात धोका दडलेला आहे. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, अंगणे अपुरी पडतात आणि पाहुण्यांच्या मागण्या वाढतात. कोणाला किनाऱ्यावर दिवे हवे असतात, कोणाला समुद्राच्या तोंडावर राहण्याची जागा हवी असते. नव्याने निघालेले पिलू काळोखात क्षितिजावरचा उजेड पाहून समुद्राची दिशा ओळखते. किनाऱ्यामागे विजेचा दिवा असला, की ते समुद्राकडे पाठ फिरवून दिव्याकडे चालू लागते आणि सकाळच्या उन्हात सुकून मरते. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागांना सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात ठेवले आहे. तरीही एका अंगणातला एक प्रखर दिवा अधिसूचनेची वाट पाहत नाही. म्हणून समुद्रदर्शनाची खोली मागू नये. खोलीतून समुद्र दिसत नाही, हेच वेळासचे वैभव समजावे.

दुसरी मागणी याहून चमत्कारिक. "इतक्या लांबून आलो, पिले दाखवा," असा हट्ट पुष्कळ जण धरतात. टोपली रिकामी निघाली तर कासवमित्रांवर रागावणारे पाहुणेही असतात. ज्यांना खात्री हवी त्यांनी प्राणिसंग्रहालयात जावे. येथे वाळूचे ऊन आणि अंड्यातला जीव यांच्या सवडीने सारे चालते. मुलांना हे आधीच समजावून सांगितले, तर रिकामी टोपलीही त्यांना पुरेशी वाटते, असा पालकांचा अनुभव आहे. ती मग किनाऱ्यावरच्या खेकड्यांची बिळे मोजीत बसतात. पिले निघाली तर दोरीच्या मागे उभे राहावे, हात लावू नये, छायाचित्र घेताना झगझगीत प्रकाश पाडू नये. पिलाला उचलून लाटेत सोडण्याचा मोह मोठ्यांनाच अधिक होतो! वाळूवरून स्वतः चालत जाणे हा त्याच्या जन्माचाच भाग आहे. तेवढी वाट त्याची त्याला चालू द्यावी. हजारात एखादेच पिलू प्रौढ होते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

गावाच्या हातात नसलेलीही संकटे आहेत. पिलू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात आणि फारच तापली तर अंडी मरतात. उन्हाळे कडक होत चालले आहेत, त्यामुळे हॅचरीवर सावली धरण्याचे प्रयोग ठिकठिकाणी होऊ लागले आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आले, तेव्हा खाडीच्या दोन्ही तीरांवरच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती येण्यास कितीतरी वर्षे जातात. त्या मधल्या वर्षांत बागायतदाराच्या घरी पाहुण्यांच्या ताटाचे पैसे येणे म्हणजे काय, हे शहरात बसून कळणे कठीण आहे. त्याच काळात साथीमुळे पाहुणेही बंद झाले होते, हे ध्यानात घ्यावे.

समुद्रातही जाळी आहेतच. कासवाला श्वासासाठी वर यावे लागते; जाळ्यात अडकले तर ते बुडून मरते. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्राच्या वनखात्याने, जाळे कापून अशा संरक्षित जीवाला सोडणाऱ्या मच्छीमारांना नुकसानीची भरपाई देण्याची योजना सुरू केली. जाळे हे मच्छीमाराचे भांडवल. ते कापा असा नुसता उपदेश करण्यापेक्षा ही योजना अधिक माणुसकीची आहे.

आणि हे कासव एकट्या वेळासचे नाही. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवून तिला 'प्रथमा' हे नाव दिले गेले. २०२३ साली गुहागरहून सोडलेली 'बागेश्री' तर भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. ओडिशाच्या गहिरमाथ्याला लाखो माद्या येतात, कोकणात तुरळक. म्हणून पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगळी, असा समज होता. २०२१ साली ओडिशात खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली.

इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी कुटुंबांनी बेत आखताना ध्यानात ठेवावे, की पिले निघण्याचा हंगाम साधारणपणे फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत असतो. कोकण रेल्वेने माणगाव किंवा खेडला उतरून पुढे मोटारीने जाता येते. हरिहरेश्वरच्या बाजूने आल्यास बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोट मिळते. तिच्या वेळा भरती-ओहोटी व हवा पाहून विचारून घ्याव्यात. राहण्याचे घर आधी ठरवल्याखेरीज निघू नये. शक्य असल्यास सोमवार-मंगळवार साधावा. गर्दी विभागली, की गावालाही दम खाता येतो. पाण्याच्या बाटल्या व खाऊची पुडकी आपल्याबरोबर परत न्यावीत, कारण एवढ्याशा गावात त्यांची विल्हेवाट लावणार कोण? किनाऱ्यावर चप्पल काढून चालावे. सकाळची टोपली सातच्या सुमारास उचलतात, तेव्हा चहा घरीच घेऊन निघावे.