पाच ओळी, दहा प्रश्न

संगणक क्लबमध्ये नवे ज्युनियर कॅडेट आले की एक प्रश्न हमखास येतो. "सर, स्क्रिप्ट चालतेय ना? मग एकेक ओळ कशाला समजावताय?" ज्युनियर असताना मीही हेच विचारले होते. उत्तर पुढे महागात पडले.

आमची स्क्रिप्ट लिनक्सवरची, अवघ्या पाच ओळींची. दर रविवारी आंतर-हाउस स्पर्धांच्या गुणांची प्रत काढायची आणि कच्च्या फाइली पुसायच्या, एवढेच तिचे काम. पहिली ओळ सांगते की पुढच्या आज्ञा 'बॅश' या प्रोग्रॅमने वाचायच्या. दुसरी आजची तारीख साठवते. तिसरी गुणांचे फोल्डर त्या तारखेच्या नावाने दुसऱ्या डिस्कवर उतरवते. चौथीत 'सीडी' आज्ञा आहे : कच्च्या फाइलींच्या फोल्डरमध्ये जा. पाचवीत 'आरएम' : इथे जे आहे ते सगळे पुसून टाक.

मला हे सगळे पाठ होते. पण एका शनिवारी मीच कच्च्या फोल्डरचे नाव बदलले आणि विसरलो. रविवारी चौथी ओळ फसली. बॅशला वेगळे सांगितले नसेल, तर ओळ फसल्यावर तो एक तक्रार छापतो आणि पुढच्या ओळीवर जातो. मी स्क्रिप्ट क्लबच्या मुख्य फोल्डरमधून चालवली होती. पाचव्या ओळीने तेच पुसले. ज्युनियरांचे प्रकल्प त्यातच होते. 'आरएम'ने पुसलेली फाइल कचरापेटीतही जात नाही. गुणांची प्रत वाचली. प्रकल्प गेले ते गेलेच.

चूक कुठे झाली? प्रत्येक ओळ काय करते हे मला ठाऊक होते. ती फसली तर पुढे काय होईल, हे मी कधीच विचारले नव्हते. म्हणून माझे मत असे, की नवख्यांना स्क्रिप्ट शिकवताना प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत : ही काय करते? आणि ही फसली तर? तिसऱ्या ओळीला विचारून पाहा. डिस्क भरली असेल तर प्रत निघणार नाही, तरी पुसणे चालूच राहील. उपाय छोटा आहे. दोन आज्ञांच्या मध्ये 'अँड'चे चिन्ह दोनदा टाकले, की पहिली यशस्वी झाली तरच दुसरी चालते.

शस्त्र प्रशिक्षणात हेच शिकवतात. आधी मॅगझिन काढा, मगच रायफल कॉक करा. मॅगझिन तसेच राहिले तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते आणि दुसरी आत येते. पायऱ्या पाठ असून भागत नाही. एक चुकली तर काय, हेही माहीत हवे.

काही जण म्हणतात, आता एआय प्रत्येक ओळ समजावून देतो. देतो खरा. पण समजावलेले ऐकणे वेगळे आणि स्वतः समजावणे वेगळे. पाच ओळींना अख्खा तास जातो, हेही मान्य. तीनशे ओळींची स्क्रिप्ट अशी शिकवता येणार नाही. पण सवय लागते ती पाच ओळींवरच.

आता आमच्या क्लबमध्ये एंटर दाबण्याआधी ज्युनियर कॅडेट बोलतो आणि सीनियर ऐकतो. दहा उत्तरे आली, तरच स्क्रिप्ट चालते.