युक्तिवाद क्रमांक दोन

‘मराठी विभागासाठी काहीतरी लिही’ असं मॅगझिनच्या एडिटरने सांगितलं तेव्हा मला आधी हसूच आलं. मी कॉन्व्हेंटवाली. मराठीतला शेवटचा निबंध लिहिला तो दहावीत, ‘मी पाहिलेला अपघात’. अपघात पाहिलाच नव्हता, निबंध पाठ होता! यावेळी मात्र जे पाहिलं तेच लिहितेय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

टी.ई.ला आलं की हॉस्टेलवर एक साथ पसरते. तिचं नाव ‘अ‍ॅप्टी’. प्लेसमेंटसाठी जो तो जाडजूड पुस्तकं घेऊन बसतो. नळ-टाकी आणि आगगाड्यांची गणितं मला कंटाळवाणी वाटतात, पण एक प्रकार फार आवडला : विधान आणि युक्तिवाद. नमुना पाहा.

विधान : वर्गात मोबाईलवर बंदी घालावी का?
युक्तिवाद १ : होय. मोबाईल वाजला की शिकवणाऱ्याचं आणि शिकणाऱ्यांचं लक्ष उडतं.
युक्तिवाद २ : नाही. इतर कॉलेजांत अशी बंदी नाही.

उत्तर : फक्त पहिला भक्कम. दुसरे करत नाहीत एवढ्यावरून आपण करावं की करू नये, हे ठरत नाही. नियम साधे आहेत. युक्तिवादातली माहिती खरी धरायची, तिचा प्रश्नाशी थेट आणि वजनदार संबंध आहे का ते बघायचं, आणि आपलं स्वतःचं मत बाजूला ठेवायचं. हा शेवटचा नियम वाचायला सगळ्यात सोपा!

माझी रूममेट लातूरची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. आम्ही रोज रात्री वीस-वीस प्रश्न सोडवायला लागलो. पंधरा दिवसांत असं झालं की कोणी तोंड उघडलं की आम्ही ‘कमकुवत!’ म्हणून ओरडायचो. मेसचे काका म्हणाले, ‘सगळ्यांना आवडते म्हणून रोज बटाट्याची भाजी करतो.’ कमकुवत! बाबा फोनवर म्हणाले, ‘आमच्या वेळी असं नव्हतं.’ कमकुवत! शेवटी आई वैतागून म्हणाली, ‘वितंडवाद घालू नकोस.’

हा शब्द लहानपणापासून ऐकत आलेय, पण तो आला कुठून हे आत्ता शोधलं. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत : वाद, जल्प आणि वितंडा. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडायची, ती वितंडा. थोडक्यात, आम्ही दोघी पंधरा दिवस जे करत होतो ते! आईचा युक्तिवाद भक्कम निघाला.

आमची स्वतःची बाजू मांडायची वेळ लवकरच आली. आमच्या हॉस्टेलला नऊचा इन-टाइम आहे. लायब्ररीची रीडिंग रूम अकरापर्यंत उघडी असते, म्हणजे शेवटचे दोन तास फक्त मुलांचे. परीक्षा जवळ आली तशी आम्ही इन-टाइम वाढवून मागण्यासाठी रेक्टर मॅडमना अर्ज लिहिला. लिहिला मी, झकास इंग्रजीत. मुद्दे दोन. एक, मुलांच्या हॉस्टेलला इन-टाइम नाही. दोन, रीडिंग रूम उशिरापर्यंत मिळाली तर आमचा रिझल्ट सुधारेल. विंगमधल्या मुलींनी वाचून टाळ्या वाजवल्या.

रूममेट मात्र गप्प होती. मग म्हणाली, ‘अगं, दुसरा मुद्दा कमकुवत आहे. मुलांना रीडिंग रूम अकरापर्यंत मिळतेच की. त्यांच्या केट्या कमी आहेत का?’

मला राग आला. म्हटलं, तू कोणाच्या बाजूने आहेस? ती शांतपणे म्हणाली, ‘तुझ्याच. पण पहिलाही अर्धाच आहे. दोघांना नियम सारखा असावा एवढंच त्यातून निघतं. उद्या मुलांनाही नऊचा इन-टाइम लावला तर तुझं म्हणणं पूर्ण होईल. चालेल?’

रात्रभर मी तिच्याशी बोलले नाही. आता लाज वाटते, पण तेव्हा खरंच वाटलं की तिने माझ्यावर अन्याय केला.

आमच्याआधी सीनियर्सनी विचारलं होतं, तेव्हा त्यांना उत्तर मिळालं होतं : ‘इन-टाइम आहे म्हणूनच इतक्या वर्षांत काही वाईट घडलं नाही.’ हे वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकताक्षणी मोडलं होतं. मुलांच्या हॉस्टेलला इन-टाइम नाही, तिथेही काही घडलं नाही. मग कारण इन-टाइमच कशावरून? न्यायशास्त्रात धूर दिसला की अग्नी आहे असं म्हणता येतं, कारण जिथे धूर तिथे अग्नी, हा संबंध कुठेच तुटत नाही. जो हेतू असा तुटतो, तो सव्यभिचार, म्हणजे सदोष.

आणि माझ्या रिझल्टच्या मुद्द्यात नेमका तोच दोष होता. समोरच्या वाक्यात तो मला एका सेकंदात दिसला. माझ्या वाक्यात मात्र रूममेटने बोट ठेवूनही दिसेना, कारण तिथे निष्कर्ष माझ्या आवडीचा होता. इव्हान्स, बार्स्टन आणि पोलार्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली प्रयोगांतून हेच दाखवलं होतं. निष्कर्ष पटण्यासारखा असला की चुकीचा युक्तिवादही लोक जास्त सहज मान्य करतात. कॉन्व्हेंट आणि झकास इंग्रजी यांचा इथे काही उपयोग होत नाही, उलट चूक जास्त गुळगुळीत दिसते.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. युक्तिवाद मोडला म्हणजे मागणी चुकीची ठरत नाही. गणितात स्टेप्स चुकूनही उत्तर बरोबर येऊ शकतं. पण मग नवीन स्टेप्स लिहाव्या लागतात.

आम्ही अर्ज पुन्हा लिहिला, मराठीत, दोघींनी मिळून. रिझल्टचा मुद्दा काढून टाकला. मुद्दा एवढाच ठेवला की फी सारखी आहे, अभ्यासक्रम सारखा आहे आणि खोलीत चार जणींना मिळून टेबलं दोन आहेत. शिवाय युजीसीच्या २०१५ च्या नियमावलीत स्पष्ट म्हटलंय की सुरक्षिततेचं कारण देऊन मुलींच्या हॉस्टेलला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. ही इतर कॉलेजांची नक्कल नव्हती, आपल्याला लागू असलेला नियम होता.

मॅडमनी अर्ज दोनदा वाचला. मग विचारलं, ‘रीडिंग रूमपासून गेटपर्यंतचे दोन दिवे बंद आहेत आणि दुसरा वॉचमन दहाला घरी जातो. तुम्ही येणार कशा?’ रूममेट माझ्या कानात पुटपुटली, ‘भक्कम.’ खरंच होता. पण मी म्हटलं, ‘मॅडम, हा मुलींना आत ठेवण्यासाठी कमकुवत आहे, दिवे लावण्यासाठी भक्कम आहे.’ मॅडम हसल्या. परीक्षेच्या महिन्यापुरती साडेदहाची परवानगी मिळाली. दिवा एक लागलाय. दुसऱ्याची आणि पुढच्या महिन्यांची चर्चा चालू आहे.

अ‍ॅप्टीच्या पुस्तकाला शेवटी उत्तरं असतात, बाहेर ती नसतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच : हा सराव प्लेसमेंटपुरता ठेवू नका, आणि सुरुवात शत्रूपासून करू नका. जे वाक्य वाचून आपण टाळ्या वाजवल्या, तेच आधी तपासा. आणि एखादी अशी रूममेट शोधा, जी आपल्याच बाजूची असून ‘कमकुवत’ म्हणेल.

हा लेखही तिने वाचलाय. दोन परिच्छेद गेले!